नोटिशीत नुसते ‘बाभूळ’ पुरेसे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नागरी भागातील वृक्षांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार झाड तोडायचे असेल तर स्थानिक वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि तीच सूचना त्या झाडावरही लावावी लागते. लोकांनी झाड पाहावे आणि हरकत असेल तर नोंदवावी, यासाठीच ती असते. अशा सूचनांच्या यादीत नुसते ‘बाभूळ’ असे छापलेले असले की प्रश्न पडतो, कोणती बाभूळ? देशी बाभूळ, हिवर, खैर, वेडी बाभूळ, देवबाभूळ, सगळी काटेरी झाडे या एका शब्दात घातली जातात. यातली वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली, पसरत जाणारी. ती काढली तर हरकत घ्यायचे कारण नाही. खैर मात्र १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहे. नाव चुकले की हरकतही चुकते आणि परवानगीही.

आपल्या नागपुरात बाभुळखेडा आहे, हिवरी नगर आहे, कामठी रस्त्याला खैरी आहे. ही नावे देणाऱ्यांनी तिन्ही झाडे एकत्र कोंबली नव्हती. आज झाडापुढे उभ्या राहिलेल्या कुणालाही पाच-दहा मिनिटांत हा फरक करता यावा, म्हणून हे पत्र.

ओळख काट्यापासून सुरू करावी. पाने लांबून सारखीच दिसतात: मधली एक काडी, तिला दोन्ही बाजूंना जोडीजोडीने फुटलेल्या लहान काड्या आणि त्यांवर बारीक पर्णिका. काटा मात्र सहसा फसवत नाही. हाताला येणारी फांदी धरा आणि पान जिथे फुटते तो सांधा पाहा. पानाच्या दोन्ही बाजूंना दोन सरळ, पांढुरके, सुईसारखे काटे असतील तर झाड बाभूळ, हिवर किंवा देवबाभूळ. वेड्या बाभळीचे काटेही सरळच असतात, पण ती पानावरून वेगळी काढता येते, ते पुढे येईलच. सांध्याच्या जरा खाली, मांजराच्या नखासारखे वाकडे, आखूड, जोडीने काटे असतील तर खैर. संशय असेल तर जाड कापड फांदीवरून दोन्ही दिशांनी ओढून पाहा. खैराच्या फांदीवर एका दिशेला ते सरकते आणि उलट ओढले की अडकून बसते. फुलांचीही विभागणी अशीच आहे. बाभूळ, हिवर आणि देवबाभूळ यांना गोल गेंद येतात, खैराला लांबट तुरे. हे सगळे वृक्ष पूर्वी ‘अकेशिया’ या एकाच प्रजातीत धरत. २००५ च्या व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्र परिषदेने ते नाव ऑस्ट्रेलियातल्या गटाकडे ठेवले, २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झाले, आणि आपली बाभूळ व हिवर ‘व्हॅचेलिया’त, खैर ‘सेनेगालिया’त गेला. म्हणजे काटा पाहून केलेले हे दोन भाग शास्त्रालाही मान्य आहेत. जुन्या पुस्तकांत तिन्हींना अकेशियाच म्हटलेले दिसेल, त्याने गोंधळू नये.

देशी बाभळीची साल काळपट, जाड, खालून वर उभ्या खोल भेगांची. पानात लहान काड्यांच्या ३ ते ६ जोड्या, कधी थोड्या जास्त. पर्णिका ३ ते ६ मिलिमीटर लांब. फुलांचे गेंद गर्द पिवळे, सुवासिक, पानांच्या बगलेत. पण खरी खूण शेंग. बियांच्या मध्ये इतकी आवळलेली की मण्यांची माळच वाटावी, वर राखाडी मखमली लव, एकेका शेंगेत साधारण ८ ते १२ मणी. ही शेंग शिवणीवर उकलत नाही, दोन मण्यांमधल्या मानेवर तुटते. वऱ्हाडात तेल्या, कौरिया आणि रामकाठी असे हिचे प्रकार ओळखले जातात. औतासाठी, बंडीसाठी तेल्याचे लाकूड चांगले, कौरिया त्यात कमी. रामकाठीच्या फांद्या खोडाला बिलगून सरळ वर जातात, झाड उभ्या खराट्यासारखे दिसते. पिकावर सावली कमी पडते म्हणून शेतकरी तिला धुऱ्यावर राहू देतो. आकार वेगळा म्हणून ती परदेशी असेल असे समजून यादीत टाकू नये. शेंग पाहिली की ती बाभूळच आहे हे लगेच कळते.

हिवरावर सर्वांत जास्त अन्याय होतो. काटे बाभळीसारखेच सरळ आणि जोडीने, म्हणून घाईत पाहणारा तिथेच ‘बाभूळ’ लिहून मोकळा होतो. नजर खोडावर न्या. हिवराची साल फिकट, पिवळसर-पांढरी ते राखी, बरीच गुळगुळीत, पातळ पापुद्रे सुटणारी. मात्र जुन्या हिवराचा बुंधा खाली खडबडीत आणि काळा पडतो, आणि पाहणारा नेमका तेवढाच भाग पाहतो. तेव्हा वरच्या जाड फांद्या पाहाव्यात, त्या फिकटच राहतात. पूर्ण वाढलेल्या झाडाचा माथा छत्रीसारखा पसरट असतो. पानातल्या काड्यांच्या जोड्या बाभळीपेक्षा जास्त, ५ ते १२ च्या आसपास. पावसाळ्याच्या उत्तरार्धात फांद्यांच्या टोकांवर फिकट पिवळ्या, बारीक गेंदांचे मोठे झुबके येतात आणि अख्खे झाड पिठूळ रंगाने झाकल्यासारखे दिसते. बाभळीचे कधीच असे दिसत नाही. शेंग चपटी, अरुंद, जेमतेम बोटाच्या अर्ध्या रुंदीची, जराशी वाकलेली, तपकिरी लवेची. तिच्यात मणी नसतात. मुरमाड, कोरड्या जमिनीत इतकी सावली देणारी झाडे थोडीच आहेत, म्हणून हिवराची नोंद वेगळी झालीच पाहिजे असे आमचे ठाम मत आहे.

खैराची साल गडद करडी-तपकिरी. तिचे लांब, अरुंद पट्टे खालून सुटून लोंबत राहतात आणि आतून तांबूस रंग दिसतो. पान मात्र फार नाजूक: काड्यांच्या १० ते ३० जोड्या आणि प्रत्येक काडीवर पर्णिकांच्या ३०-४० किंवा त्याहून जास्त जोड्या. हातात घेतले तर पिसासारखे लागते. शेंग कागदासारखी पातळ, सरळ, चपटी, चकचकीत तपकिरी, ५ ते १२ सेंटिमीटर लांब, टोकाला चोच, देठाला निमुळती. सुकली की दोन्ही शिवणींवर उकलते. विड्यात घालतात तो काथ याच्याच गाभ्याच्या लाकडातून निघतो. पांढरा खैर याचाच भाऊबंद. काटे तसेच वाकडे, पण पानात काड्यांच्या जोड्या फक्त ३ ते ६, पर्णिका मोठ्या व निळसर झाक असलेल्या, शेंगही रुंद, २ सेंटिमीटरच्या आसपास. वाकडा काटा दिसला तरी काड्या मोजल्याशिवाय नुसते ‘खैर’ लिहू नये.

आता वेडी बाभूळ. काही जुन्या लिखाणात हे नाव देशी बाभळीच्याच एका प्रकाराला दिलेले आढळते, पण आज बोलताना ते प्रोसोपिस या अमेरिकेतून आलेल्या झाडालाच वापरतात. नाल्याकाठी, मोकळ्या लेआउटमध्ये, रेल्वेरुळांच्या कडेला बुंध्यापासून अनेक खोडे फुटलेली ती दिसते. पान पाहताच फरक कळतो: काड्यांची जोडी बहुधा एक, फार तर दोन-तीन, पर्णिका १ ते २ सेंटिमीटर लांब, म्हणजे बाभळीच्या कितीतरी पट मोठ्या. फूल गोल नसून हिरवट-पिवळा लांब तुरा. शेंग गव्हाळ पिवळी, जाडसर, १० ते २५ सेंटिमीटरची; मोडली तर आत गोडसर, चिकट गर. जमिनीलगत छाटल्याने ती जात नाही, बुंध्यावरून पुन्हा दुपटीने फुटते. मुळाचा गड्डा खणून काढावा लागतो. त्यामुळे खर्च करायचाच तर तो योग्य झाडावर व्हावा.

बाकीची थोडक्यात. देवबाभूळ झुडूपवजा असते, डहाळ्या नागमोडी, शेंग आखूड, फुगीर, गोलसर, गडद तपकिरी. शमीचे काटे बारीक शंकूसारखे आणि सांध्यांच्या मधल्या भागात विखुरलेले, जोडीने नाहीत. सिगमकाठीत डहाळीचे टोकच काटा बनते, शेंगांचा गुंतडा होतो आणि फूल अर्धे गुलाबी, अर्धे पिवळे. चिचबिलाईच्या पानात फक्त चार पर्णिका. सुबाभळीला काटाच नाही. ऑस्ट्रेलियन बाभळीलाही नाही. तिची ‘पाने’ म्हणजे कोयत्यासारखे चपटे झालेले देठ, आणि शेंगा कानासारख्या वळलेल्या.

चुका कुठे होतात, तेही सांगायला हवे. छाटलेल्या बुंध्यावरच्या नव्या फोकांची पाने मोठी आणि काटे लांब असतात. बाभळीच्या कोवळ्या झाडाचे काटे ५ सेंटिमीटरपर्यंत जातात, तर जुन्या झाडावर ते शोधावे लागतात. म्हणून फोक सोडून पक्क्या फांदीची पाने घ्यावीत आणि किमान पाच पाने मोजावीत. एका पानावर निकाल देऊ नये. बाभळीची पाने सायंकाळी मिटतात, मोजणी सकाळी करावी. खैर उन्हाळ्याच्या सुरुवातीला निष्पर्ण असतो, तेव्हा साल आणि काटा यांवरच भिस्त. रस्त्याकडेची साल धुळीने माखलेली आणि कचरा जाळलेल्या ठिकाणची काळवंडलेली असते. ती छातीच्या उंचीच्या वर पाहावी. जमिनीवरची शेंग शेजारच्या झाडाचीही असू शकते, फांदीवरची घ्यावी. फोनवरच्या ॲपला नुसत्या पानाचा फोटो दिला तर या गटात ते सहज चुकते. पाच फोटो काढावेत: पूर्ण झाड, साल, सांध्याजवळचा काटा, पट्टी शेजारी ठेवून पूर्ण पान, आणि शेंग किंवा फूल.

सूचना देणाऱ्या यंत्रणेकडे आमची मागणी साधी आहे. झाडाचे प्रचलित मराठी नाव आणि शास्त्रीय नाव, जमिनीपासून १.३७ मीटरवरचा घेर, नेमकी जागा आणि काट्याचा व शेंगेचा फोटो, एवढे प्रत्येक झाडासाठी नोंदवावे. आपल्या दैनिकानेही सूचना छापताना नुसते ‘बाभूळ’ आले तर ते परत विचारावे. पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई मे महिन्यात होते, आणि तेव्हाच बाभळीच्या माळा पिकून झाडाखाली पडलेल्या असतात. यंत्र सुरू करण्याआधी मुकादमाने एक शेंग उचलावी, वर फांदीवर तशीच आहे का ते पाहावे आणि मण्यांची माळ दिसली तर ते झाड सोडून पुढे जावे.

आपले,
नागपूर परिसरातील काही वृक्षनिरीक्षक