नाना पेठेत माझे बूट हातात घेऊन बघणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. गेल्या वर्षी ज्येष्ठात दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या. नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाच्या देवळापासून जरा अलीकडे, तुम्ही वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देत होतात आणि तुमच्याशेजारी आमच्या नर्सिंग कॉलेजचं प्रथमोपचाराचं टेबल होतं. एरवी मंडईकडे बसतो, असं तुम्ही कुणाला तरी सांगितलेलं कानावर पडलं होतं. त्यावर दोनदा मंडईच्या आसपास शोधून आले, पण गाठ पडली नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्या ओळखीतल्या कुणी वाचलं तर एवढं त्यांनी तुमच्यापर्यंत पोचवावं.

त्या दिवशी सकाळपासून आम्ही पाय धुवत होतो. आळंदीहून, देहूहून चालत आलेले पाय. दुसऱ्या दिवशी माउलींच्या दिंड्यांना दिवे घाट चढून सासवड गाठायचं होतं, त्यामुळे कुणालाच थांबायला वेळ नव्हता. फोडावरची कातडी सोलायची नाही, स्वच्छ करून वर पट्टी लावायची, बोटांमधली ओल टिपून घ्यायची, हे आम्ही प्रत्येकाला सांगत होतो. तुमच्यासमोर चपलांचा ढीग पडला होता. दुपारी जरा गर्दी ओसरली आणि मी बादली भरायला उठले, तेव्हा तुम्ही मान वर न करताच म्हणालात, "सिस्टर, डावा पाय का ओढताय?"

मी म्हटलं, काही नाही, सवय झालीय.

"पाय ओढायची कुणाला सवय नसते. बूट काढा इकडे."

तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होते. आमची वॉर्डची ड्यूटी सकाळी सातला सुरू होते आणि दोनपर्यंत चालते. त्यात बसायला मिळतं ते चहापुरतं. बेड करणं, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेणं, सॅम्पल पोचवणं, पेशंटला एक्स-रेला नेऊन आणणं, सिस्टर राउंडला असल्या की त्यांच्यामागे उभं राहणं, सगळं पायांवर. पुढ्यात खुर्ची रिकामी असली तरी विद्यार्थिनीने बसायचं नाही, हे कुणी लिहून दिलेलं नाही, पण पहिल्याच आठवड्यात प्रत्येकीला कळतं. बूट कॉलेजने ठरवून दिलेले. काळे, बंद, लेस नसलेले, पातळ तळाचे. बंद बूट हवेतच. वॉर्डात सुई खाली पडते, रक्त सांडतं, फिनाइल सांडतं, तिथे चप्पल चालणार नाही. पण बंद असणं आणि पायाला बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विचार आमच्यासाठी कुणी केला नव्हता. प्रवेशाच्या दिवशी एका रांगेत माप विचारून बूट वाटले होते. तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि पाच नंबर सांगितला, कारण गावाकडे चप्पल पाच नंबरची घेत होते.

दोन वर्षांत डाव्या करंगळीवर कुरूप झालं. मग टाच दुखायला लागली. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ यायची. दहा-वीस पावलं चाललं की कमी व्हायची, म्हणून मी ती मोजतच नव्हते. खोलीतल्या आम्ही पाचही जणी काही ना काही घेऊन फिरत होतो. एकीच्या अंगठ्याचं नख आत रुतून पिकलं होतं. एकीला पावसाळाभर चिखल्या, बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलायची. रात्री आम्ही भिंतीला पाय टेकवून ओळीने पडायचो आणि सगळ्यांनाच होतंय म्हणजे हे असंच असणार, असं धरून चालायचो.

तुम्ही बूट हातात घेतलात. आधी आत हात घालून बोटांनी चाचपलंत. सुकतळा टाचेशी झिजून कागदासारखा झाला होता आणि पुढे त्याची घडी पडली होती. मग बूट दोन्ही हातांत धरून वाकवलात. तो बरोबर मधोमध वाकला. तुम्ही म्हणालात, "बूट बोटांपाशी वाकला पाहिजे, जिथं पाय वाकतो तिथं. हा कमरेत मोडलाय." त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी आजवर कुठल्याच दुकानात पाहिलं नव्हतं. जुनं वर्तमानपत्र फुटपाथवर पसरलंत आणि मला त्यावर उभं राहायला सांगितलंत. मी वाकून पाहायला गेले, तर म्हणालात, ताठ उभी राहा, अंगाचा भार पडल्यावर पाय पसरतो, ते खरं माप. शर्टाच्या खिशातला पेन काढून तुम्ही माझ्या एकेका पायाभोवती रेघ ओढलीत आणि त्या आकृतीवर माझा बूट ठेवलात. करंगळीकडची रेघ बुटाच्या बाहेर बोटभर दिसत होती. उजव्यापेक्षा डावा पाय मोठा निघाला.

तुम्ही म्हणालात, "मोठ्या पायाच्या मापाचा बूट घ्यायचा. पुढं अंगठ्याएवढी जागा. आणि घ्यायला संध्याकाळी जायचं, दिवसभर उभं राहून पाय फुगतात."

काका, हे ऐकून मला काय वाटलं ते त्या वेळी बोलता आलं नाही. संध्याकाळी चप्पल खरेदी करा, घालण्याआधी आत हात घालून बघा, हीच वाक्यं मी स्वतःच्या अक्षरात चार्टवर लिहिली होती. मधुमेहाच्या पेशंटना पायांची काळजी शिकवायचा तो चार्ट होता. वॉर्डात त्यांच्या तळव्यांना बारीक नायलॉनचा तंतू टेकवून संवेदना आहे का ते मी तपासते, बोटांच्या बेचक्यात बघते. आणि तीन वर्षांत मी स्वतःचा तळवा उलटा करून एकदाही पाहिला नव्हता. माझ्याकडे तसं पाहणारं पहिलं माणूस तुम्ही.

रापीने तुम्ही जुना सुकतळा काढलात, जाड फोमचा नवा कापून बसवलात आणि करंगळीच्या जागी बूट आतून ठोकून थोडा सैल केलात. पैसे विचारले तर म्हणालात, या दोन दिवसांत कुणाकडून घेत नाही. आणि निघताना, "सिस्टर"वरून एकदम "पोरी"वर येत, म्हणालात, "बूट मी नीट केला. टाचेचं दुखणं बुटाचं नाही, ते डॉक्टरला दाखव." तुमचं हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. आपलं काम कुठपर्यंत आणि पुढे कुणाकडे पाठवायचं, हे आम्हाला वर्षभर शिकवतात.

मी दाखवलं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, त्याला सूज होती. प्लांटर फॅशियायटिस म्हणतात. रात्रभर तो आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ. फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं की अंथरुणातून उतरण्याआधीच पाय ताणायचे, टॉवेल तळव्याखाली अडकवून आपल्याकडे ओढायचा, भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. संध्याकाळी बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटलीवर तळवा फिरवायचा. हॉस्टेलच्या फ्रीजमध्ये माझी बाटली मुली रोज बाजूला सारायच्या, पुढे त्यांच्याही बाटल्या आल्या. दुखणं पूर्ण जायला चार महिने लागले. लवकर बरं होतं असं मी कुणाला सांगत नाही.

तुमचा तो कागद मी घडी घालून खोलीवर नेला होता. त्या रात्री पाचही जणींनी वर्तमानपत्रावर पाय आखले. पुढच्या आठवड्यात वर्गातल्या तीस मुलींनी आखले, आणि त्यातल्या बावीस जणींचा पाय बुटाबाहेर होता. ती रद्दी आम्ही आमच्या क्लिनिकल मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. तक्रार अर्ज लिहिला असता तर काय झालं असतं माहीत नाही. कागद बघून मॅडम बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी स्वतःचा पाय आखला. आता रंग काळा, बूट बंद आणि तळ न घसरणारा असला तर लेसचा, जाड तळाचा कुठलाही चालतो. लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सहानंतर गेलो आणि मी सहा नंबरचा घेतला.

सगळं सुटलेलं नाही. खुर्ची अजून रिकामीच असते. दोन जोड हवेत म्हणजे आजचा भिजलेला उद्या वाळेल, पण ते प्रत्येकीला परवडत नाही. जुलैत बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली ठेवतो आणि सुती मोज्यांचा एक जास्तीचा जोड पिशवीत असतो. चिखल्या त्यानेही बऱ्याच कमी झाल्या.

एक गोष्ट मात्र मनात राहिली आहे. तुम्ही माझा बूट पायांच्या अंगठ्यांत धरून आरी चालवत होतात, तेव्हा तुमच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली मला दिसली होती. मळलेली, कडेला रक्त वाळलेलं. माझा ड्रेसिंग ट्रे दोन हातांच्या अंतरावर होता. मी विचारलं नाही. घाईत होते, लाजलेही होते.

यंदाही आमचं टेबल नाना पेठेत त्याच जागी असणार आहे. मी आता चौथ्या वर्षाला आहे, त्यामुळे ट्रे माझ्या ताब्यात असेल. तुम्ही आलात तर चपलांना हात लावायच्या आधी दहा मिनिटं माझ्यासमोर बसा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेवढं आठवून ठेवा.

तुमची,
सहा नंबरवाली सिस्टर