आधी मेन कॉक, मग प्लंबर

प्रिय आई-बाबा,

फोनवर घरातल्या गळतीचा आणि जुन्या पाइपांचा विषय काढला की बाबा "बघू गं, पाऊस तर संपू दे" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई विचारते, जेवलीस का. म्हणून लिहूनच पाठवतेय. कागद असला की बाबा तो फाइलला लावतात आणि नंतर काढून वाचतातही.

खालच्या काकूंच्या छताला ओल आली म्हणून तुम्ही ज्याला बोलावलंत, त्याने टाइल्सच्या फटीत व्हाइट सिमेंट भरलं, पैसे घेतले आणि गेला. फटी भरायला माझी हरकत नाही, पण पाणी येतंय कुठून ते त्याने बघितलंच नाही. काकूंना एवढंच विचारा की डाग दिवसभर सारखाच ओला असतो, की तुमच्या आंघोळी झाल्यावर वाढतो? आंघोळीनंतर वाढत असेल तर पाणी लादीखालून किंवा नहाणी ट्रॅपच्या (मोरीच्या जाळीखालच्या, पाणी साठून राहणाऱ्या भांड्याच्या) जोडातून उतरतंय. रात्री कुणी नळाला हात लावलेला नसतानाही ठिबकत असेल, तर भिंतीतली लाइन गळतेय, कारण गच्चीवरच्या टाकीचं प्रेशर त्या लाइनवर चोवीस तास असतं. मेन कॉक, म्हणजे घराचं सगळं पाणी बंद करणारा, सहज फिरत असेल तर दोन-तीन रात्री तो बंद करून झोपा. ठिबकणं कमी झालं तर उत्तर मिळालं.

माझा संशय लाइनवरच आहे. बिल्डिंग 1986ची आणि पाइप जी.आय.चे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, भिंतीत गाडलेले. वरचा जस्ताचा थर गेला की लोखंड आतून गंजतं, आणि तो गंज वाहून न जाता तिथेच फुगत राहतो. मागे साइटवर जुन्या इमारतीतून निघालेला अर्ध्या इंची पाइप मी उभा कापून घेतला होता. आत सगळीकडे तपकिरी गाठी, आणि मधून पाण्याला जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट. बाहेरून मात्र पाइप ठणठणीत, वर ऑइल पेंटसुद्धा शाबूत! स्वयंपाकघरातला नळ सोडला की आपल्या शॉवरची धार जाते, आणि आईची सकाळची पहिली बादली तांबूस येते, ते ह्यामुळे. नळ बदलून काही होणार नाही, बाबा. उलट असल्या पाइपला पाना लावला की जोर पुढच्या एल्बोवर, म्हणजे वळणाच्या जोडावर जातो, आणि एक गळती बंद करताना दुसरी सुरू होते. मग प्लंबर म्हणतो "साहेब, पाइपच सडलाय", आणि त्याचं चुकत नाही.

आता मेन कॉक. मोरीच्या वर, पोटमाळ्याच्या कडेला तो पितळी गोल चकतीचा गेट व्हॉल्व्ह आहे. वर्षानुवर्षं कुणी फिरवला नसेल तर तो जाम असणार. बाबा, स्टुलावर चढून त्याच्याशी झटापट करू नका. एक तर तुम्ही पडाल, नाहीतर आतला स्पिंडल (चकतीला जोडलेली कांडी) तुटेल आणि कॉक असून नसल्यासारखा होईल. प्लंबरला सांगून तिथे दांड्याचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या, आणि आईचा हात पोचेल इतका खाली. दांडा पाइपच्या रेषेत असला की चालू, आडवा केला की बंद. महिन्यातून एकदा फिरवत राहिलं की तो जाम होत नाही. गच्चीवरही टाकीच्या तोंडाशी आपल्या लाइनचा कॉक कोणता ते वॉचमनकडून बघून घ्या आणि त्यावर ऑइल पेंटने फ्लॅटचा नंबर घाला. ऐन वेळी चार सारखे कॉक पाहून कुणालाही काही सुचत नाही.

पाइप फुटलाच तर आधी मेन कॉक, लगेच गिझरचा स्विच बंद, आणि मग मोरीतला खालचा नळ सोडून लाइनमधलं उरलेलं पाणी काढून टाका. पाणी स्विचबोर्डाकडे उडत असेल तर मात्र सगळ्यात आधी एम.सी.बी. (वीज तोडणारा खटका) पाडा. बोर्डच भिजला असेल तर हात न लावता बाहेर या आणि मीटर रूममधून मेन बंद करायला सांगा. फरशी पुसायची घाई आईने करू नये. ओल्या लादीवर घसरून पडण्यापेक्षा चटई भिजलेली परवडली. बारीक छिद्र असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वर क्लिप आवळली की एक रात्र निघते. साधं एम-सील कोरड्या पाइपवरच धरतं. वाहत्या पाण्यावर थापून उपयोग नाही, उगाच हात बरबटतात.

गिझरखालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून बाबांनी त्याला प्लग मारलाय, असं आई म्हणाली. तो प्लग आजच काढा. पाणी तापलं की फुगतं, त्याला वाट म्हणून ते तोंड दिलेलं असतं. ते बंद करून टाकी तापवत राहिलं तर टाकी फुटू शकते. गिझर बंद असतानाही धार लागत असेल तर व्हॉल्व्ह बदला, पण प्लग नाही म्हणजे नाही.

माझ्या खोलीच्या बाथरूममध्ये वास येतो आणि झुरळं निघतात, त्यासाठी मात्र कुणालाच बोलावू नका. तिथे कुणी आंघोळ करत नाही, त्यामुळे ट्रॅपमधलं पाणी वाळतं आणि गटाराची हवा सरळ वर येते. आठवड्याला एक बादली पाणी ओतलं की पुरे. ॲसिड नको, त्याने टाइल्समधलं सिमेंट खाल्लं जातं. आणि आई, टॉयलेट क्लीनरवर ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नकोस. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बाबांना दमा आहे.

फ्लशची टाकी गळते का बघायला जिलबीचा केशरी रंग टाकीत टाक आणि अर्धा तास फ्लश करू नकोस. पॅनमध्ये रंग उतरला तर आतलं रबर गेलंय.

बाहेरच्या बीडाच्या सांडपाण्याच्या पाइपच्या जोडातून पिंपळ उगवलाय, तो दर वर्षी छाटतात आणि दर वर्षी फुटतो. मुळं जोडात तशीच राहिली तर दुसरं काय होणार? ते काम आपलं नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि घरातल्या संडास-सिंकची आपण. सेक्रेटरींना तोंडी सांगू नका, पत्र द्या आणि पोच घ्या. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) दर तीन वर्षांनी व्हायला हवं, तेही त्याच पत्रात विचारा.

आणि मुख्य मुद्दा. आता जोड-ठिगळ पुरे, आपण सगळी लाइन बदलू. सी.पी.व्ही.सी. (गरम पाणीही सोसणारा प्लास्टिकचा पाइप) घालू, भिंती न फोडता बाहेरून. दिसायला बरी दिसत नाही हे आईचं म्हणणं मान्य, पण पुढे गळली तर गळती डोळ्यांना दिसेल. गिझरची लाइन पांढऱ्या यू.पी.व्ही.सी.त कुणी करायला लागला तर थांबवा, ती गरम पाण्याला नसते. आपल्याला पिवळसर रंगाचा पाइप हवा. आणि प्रेशर टेस्ट (लाइनमध्ये दाबाने पाणी भरून गळते का ते बघणं) झाल्याशिवाय शेवटचे पैसे द्यायचे नाहीत.

पितृपक्षात काम काढायचं नाही असं बाबा म्हणतील. पण ही दुरुस्ती आहे, वास्तुशांत नव्हे, आणि त्याच दिवसांत चांगले प्लंबर रिकामे असतात. दिवाळीच्या तोंडावर कुणी फोनही उचलत नाही. मी रजा टाकते. काम चालेल तेवढे दिवस तुम्ही दोघं मावशीकडे राहा. खर्च मी करतेय, त्यावर वाद नको. आईला घालायचाच असेल तर स्वयंपाकघरातला नळ कुठला घ्यायचा ह्यावर घालू दे.

तुमची,
मनू

ता. क. प्लग काढलात की फोन करा.