मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : 'पागलखानावाले' कोण?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात बारावीला मानसशास्त्र शिकवते. 'अपसामान्य वर्तन' म्हणजे काय, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. हे पत्र लिहिण्याचं कारण मात्र घरचं आहे.

माझा मोठा भाऊ प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवायला जायचा. शेअर ऑटोवाला चौकात ओरडायचा, "चला, पागलखानावाले उतरा!" भाऊ गप्प बसून राही. पुढच्या थांब्यावर उतरायचा आणि मे महिन्याच्या उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून मागे चालत यायचा. चार महिन्यांनी त्यानं जाणंच सोडलं. ऑटोवाल्याला काय बोलणार? अख्खं नागपूर त्या चौकाला पागलखाना चौकच म्हणतं.

आता तो दुपट्टाच घ्या. थंड हवेच्या गावात कुणी असा डोकं-तोंड झाकून फिरला तर लोक वळून बघतील, आमच्याकडे उन्हाळ्यात न बांधणारा वेडा. तान्ह्या पोळ्याला मारबतीपुढं (इडापिडा घेऊन जा म्हणत मिरवायचा मोठा पुतळा) जे बोंबलणं चालतं, ते एरवी रात्री दोनला केलं तर पोलीस येतील. म्हणून नुसत्या वेगळेपणावरून मानसशास्त्र कुणाचं वर्तन अपसामान्य ठरवत नाही. माणसाला स्वतःला त्रास होतोय का, झोप, नोकरी, नाती कोलमडलीत का, त्याला किंवा इतरांना धोका आहे का, हे सगळं एकत्र बघावं लागतं. (धोका, म्हणाल तर, बहुतेकांच्या बाबतीत नसतोच.) आणि हे निकषही चुकतात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली ती १९७३ साली. तोवर समाजाची नापसंती रोग म्हणून खपत होती.

आपला मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हेच सांगतो. कलम ३ प्रमाणे, समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक चौकटीत बसत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरूनही नाही. भावाच्या नोकरीच्या एका मुलाखतीत साहेबांनी जुनी फाइल पाहून विचारलं, "आता डोकं ठिकाणावर आहे ना?" खुर्च्यांवर बसलेली सगळी हसली. त्यांना कलम ३ कुणी वाचून दाखवलं असेल, असं वाटत नाही.

माझी मागणी लहान आहे. कलम ३ सोप्या मराठीत एका पानावर छापून पोलीस ठाणी, तहसील आणि भरती करणारी कार्यालयं इथं लावा. चौकाला दुसरं नाव द्यायला आणि थांब्यावर ते ठळक रंगवायला महापालिकेला सांगा. आणि मनोविकाराची ओपीडी साध्या सरकारी दवाखान्यांतही रोज चालू द्या, म्हणजे माणसाला कुठं उतरायचं हे लपवावं लागणार नाही.

डिसेंबरात अधिवेशनाला याल तेव्हा लवाजमा सोडून एकदा त्या शेअर ऑटोत बसा. चौक आला की उतरून बघा.

आपली,
नागपूरची एक शिक्षिका