अंदाज एकट्या पिचरवर नको

महोदय,

न्यू जर्सीतील एडिसन आणि आसपासच्या गावांत अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. तेथील हायस्कुले ज्या ‘ग्रेटर मिडलसेक्स कॉन्फरन्स’ या शालेय संघांच्या गटात खेळतात, त्यातील बेसबॉल संघांविषयी हंगामापूर्वी बांधल्या जाणाऱ्या अंदाजांची सारी भिस्त बहुधा एखाद्या वेगवान पिचरवर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर, असते, हे मला मुळीच पटत नाही.

2017 च्या हंगामापासून अमेरिकेतील प्रत्येक राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेला पिचरने टाकायच्या चेंडूंवर मर्यादा घालणे आणि त्या प्रमाणात सक्तीची विश्रांती ठरवणे भाग पडले आहे. त्यामुळे सोमवारी शंभर चेंडू टाकलेला मुलगा, सामना कितीही महत्त्वाचा असला तरी, त्याच आठवड्यात शुक्रवारी पिचिंगला उतरू शकत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या कोवळ्या कोपराचा विचार करता हा नियम अत्यंत योग्यच आहे.

पावसाने पुढे ढकललेले सामने एकाच आठवड्यात येऊन पडले, की तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या पिचरच्या हातीच निकाल जातो. अंदाज वर्तवणाऱ्यांनी ही दुसरी फळी आणि तिला सांभाळणारा कॅचर (फलंदाजामागे बसून पिचरचे चेंडू झेलणारा खेळाडू) आवर्जून पाहावा, ही विनंती.

— एक वाचक, एडिसन