कला-इतिहास वर्ग : अभिप्राय बैठक, शुक्रवारी दुपारी ४ वाजता

मित्रमैत्रिणींनो,
सत्र संपण्याआधी या वर्गाचे आणि मॅडमच्या शिकवण्याचे अनुभव एकत्र करायचे आहेत. जागा आपली नेहमीचीच वर्गखोली. मॅडम नसतील, मोकळेपणाने बोला.

– अर्धं पान लिहून आणा. नाव घालायची सक्ती नाही.
– नुसतं ‘छान’ किंवा ‘कंटाळवाणं’ नको. पिकासोचं १९३७ मधलं ‘गेर्निका’ सुमारे ३.५ मीटर उंच आणि ७.८ मीटर रुंद आहे, हे मॅडमनी व्हरांड्याच्या भिंतीवर खडूने आखून दाखवलं, तेव्हा ते चित्र खरं कळलं. असं नेमकं लिहा. परीक्षेत सनावळ्यांवरच भर वाटला असेल, तर तेही लिहायलाच हवं.
– कपडे, उच्चार यांवर शेरे नकोत.

येणं शक्य नसेल त्यांनी कागद गुरुवारपर्यंत वर्गप्रतिनिधीकडे द्यावा.