अंगठा हलला, डॉक्टरसाहेब!

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

आप्पा आता निपाणीच्या घरी ओसरीवर बसून पेपर वाचतात, आम्हाला ओरडतात. आवाज अजून घोगराच आहे. दबलेली नस पूर्ण सुधारेलच असं नाही, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. याच आवाजावर आमच्याकडच्या एका दवाखान्यात "तंबाखूच्या वखारीतला माणूस, विड्या ओढतो, घसा बसणारच" म्हणत खोकल्याची औषधं दिली गेली. छातीचा साधा एक्स-रे काढावासा कुणाला वाटला नाही. ३ सेंटिमीटरच्या आसपास असायची ती महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, छातीत कमानीसारखी वळते तिथं ६.५ पर्यंत फुगलेली, आणि आवाजाची डावी नस नेमकी तिच्याखालून वळसा घेऊन वर जाते, हे बेळगावात तुमच्यासमोर बसल्यावर कळलं.

दुसऱ्या एका मोठ्या ठिकाणी तर "वय बघता काही करू नका" म्हणून फाईल परत सरकवली. आप्पा समोर बसलेले असताना!

तुम्ही मात्र आप्पांनाच समजावलंत. शेतातला जुना पाइप आतून नवा करायचा, पण आधी त्याचे फाटे सोडवून दुसरीकडं जोडायचे, नाहीतर नव्या पाइपनं तेच बंद व्हायचे. म्हणून आधी छाती उघडून डोक्याकडं, हातांकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना नवी वाट, मग जांघेतून सरकवलेला स्टेंट. आप्पांना हे आमच्याआधी कळलं.

आईनं एकच विचारलं होतं, "पाय जाणार नाहीत न्हवं?" मणक्याचं रक्त कमी पडलं तर जाऊ शकतात, हे तुम्ही लपवलं नाहीत.

त्या रात्री आयसीयूत कुणाला सोडत नव्हते. "ऑपरेशन चांगलं झालं" म्हणून तुम्हाला घरी जाता आलं असतं. तुम्ही माझा मोबाईल मागून घेतलात आणि परत आत गेलात. व्हिडिओत चादर बाजूला होते, आप्पांच्या भेगाळलेल्या टाचा दिसतात, तुम्ही म्हणता, "अज्जा, अंगठा हलवा." आधी काहीच नाही. मग डावा हलतो. मग उजवा. फोन तुम्ही माझ्याकडं नाही, आईच्या हातात दिलात.

डिग्र्या पुष्कळांकडं असतात हो. बाईमाणसानं एकदाच दबकत विचारलेलं ध्यानात ठेवणारे कमी.

आप्पा विडी मागतात. आई बीपीची गोळी हातावर ठेवते. पुढच्या सीटी स्कॅनला दोघंही येतायत.

आपला,
आप्पांचा धाकटा, निपाणी