बाबांचे बाकडे आणि चिनूचा गोलपोस्ट

पुणे, १७ नोव्हेंबर

तीर्थरूप आई व बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीचे आठ दिवस कोल्हापूरला राहून आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही: बाबांचा आणि तुमच्या नातवाचा, चिनूचा दमा. फोनवर विषय काढला की बाबा "बरं आहे, काळजी करू नकोस" म्हणून पंचगंगेच्या पाण्यावर जातात आणि आई, तुझे दूध नेमके तेव्हाच उतू जाते. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

बाबा, तुमच्या "बरं आहे"चा अर्थ इतकाच असतो की गेल्या वर्षासारखे मध्यरात्री रिक्षा काढून दवाखान्यात पळावे लागले नाही. दमा आटोक्यात आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही. रंकाळ्याला पूर्ण फेरी मारून गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन घरी येणारे तुम्ही, आता पहिल्या बाकड्यापाशी बसता आणि वय झाले म्हणता. जोतिबाला या चैत्रात गाडीतच थांबलात, तेव्हा गुलाल सोसत नाही असे कारण सांगितलेत. गुलाल बाधतो हे खरे, पण पायऱ्यांचा धसका तुम्ही आधीच घेतला होता. आणि आपला चिनू! गल्लीत चेंडूमागे वारे प्यायल्यासारखा धावणारा पोरगा हल्ली गोलकीपर झाला, म्हणून तुम्ही सगळे कौतुक करता. मी त्याला एकट्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आत्या, गोलमध्ये पळायला लागत नाही." त्याचा स्वभाव शांत झालेला नाही आणि बाबांचे वयही एका वर्षात एवढे वाढलेले नाही, दोघांनीही दम्याला जेवढे मानवेल तेवढेच हिंडणे-फिरणे ठेवले आहे, आणि त्यामुळे त्रास कमी झाल्यासारखा वाटतो.

लक्ष्मीपूजनानंतरच्या दुपारी मी तुम्हा दोघांना प्रश्न विचारत बसले होते, तो खेळ नव्हता. मोठ्यांसाठी गेल्या चार आठवड्यांबद्दलचे पाच प्रश्न असतात: कामात अडथळा, धाप, रात्रीची जाग, धाप लागल्यावरच्या पंपाचा वापर आणि शेवटी, दमा कितपत आटोक्यात आहे याविषयी स्वतःचे मत. प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण २५. २० किंवा अधिक मिळाले तर ठीक, आणि १५ किंवा त्याहून कमी म्हणजे दमा अजिबात ताब्यात नाही. तुमची बेरीज १४ आली बाबा, आणि त्यातले ४ गुण तुम्ही शेवटच्या प्रश्नाला स्वतःच स्वतःला दिलेले होते. चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी सात प्रश्न असतात; चार प्रश्नांची उत्तरे मूल चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवून देते आणि तीन प्रश्नांची घरातले मोठे देतात. एकूण २७ गुणांपैकी १९ किंवा कमी म्हणजे लक्ष घालायला हवे. चिनूचे १७ झाले. धावण्याच्या प्रश्नाला त्याने रडव्या चेहऱ्यावर बोट ठेवले, तेव्हा वहिनीने माझ्याकडे पाहिले.

माझा दिवस औषधांच्या काउंटरवर जातो, त्यामुळे सवयीने मी बाबांच्या कपाटाचा खण उघडला. गुढीपाडव्यापासूनचे, धाप लागल्यावर घ्यायच्या साल्ब्युटामॉलचे पाच रिकामे पंप त्यात होते. एका पंपात २०० फवारे, म्हणजे साडेसात महिन्यांत हजार फवारे, रोजचे चारपेक्षा जास्त. वर्षाला तीन किंवा अधिक पंप लागत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो, आणि २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचना प्रौढांना व किशोरांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये असे स्पष्ट सांगतात. कारण ते औषध आवळलेल्या श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करते. आतली सूज तशीच राहते. ती सूज उतरवणारा रोजचा पंप त्याच खणात होता, गुढीपाडव्याला घेतलेला आणि जवळजवळ भरलेला.

"स्टेरॉईड आहे, सवय लागते" हे तुमचे म्हणणे मी ऐकले आहे. पण गेल्या वर्षी दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या स्टेरॉईडच्याच, रोज ४० मिलिग्रॅमच्या होत्या, आणि पंपातून दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम जातात. औषधे वेगळी असल्याने तुलना तंतोतंत नाही, तरी नुसत्या वजनाने पाहिले तर एका दिवसाच्या गोळ्यांत पंपाचे शंभर दिवस बसतात. ज्याला तुम्ही भिता ते पंप टाळल्यानेच जास्त पोटात गेले. आई, या पंपाने चिनूची उंची खुंटेल ही तुझी भीती मात्र अगदीच निराधार नाही. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत साधारण एखाद्या सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. पण आटोक्यात नसलेल्या दम्यानेही वाढ मागे पडते.

औषध वाढवण्याआधी ते छातीत पोहोचते का, हे पाहायला हवे. बाबा पंप दाबतात तेव्हा निम्मा पांढरा धूर नाकासमोर तरंगताना मी पाहिला. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची ती प्लास्टिकची नळी, लहान मुलांचा असतो, असे कोणी सांगितले? तुम्हीही तो वापरावा, आणि रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकावी. आई चिनूला दोन फवारे लागोपाठ दाबते. त्याऐवजी एक फवारा, सावकाश पाच-सहा श्वास, पंप पुन्हा हलवून मग दुसरा, असे करावे. शिवाय तुझा तो स्पेसर! तांब्या-पितळेसारखा तू तो सुती फडक्याने घासून लख्ख करतेस, पण घासल्याने प्लास्टिकवर विजेचा भार येतो आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटते. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवावा, पुसू नये.

घराविषयी थोडेच सांगते. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला मागच्या खोलीत पुराचे पाणी आले, तेव्हापासून त्या भिंतीचे पोपडे आणि काळी बुरशी गेलेली नाही, आणि चिनूचे अंथरूण नेमके तिथेच असते. भिंत दुरुस्त होईपर्यंत त्याला पुढच्या खोलीत झोपवावे. आता उसाचा हंगाम आहे. पाचट पेटल्याचा आणि गुऱ्हाळाचा धूर ज्या दिवशी असेल, त्या दिवशी बाबांनी पहाटेचे फिरणे टाळावे. कोजागरीला दम्याचे औषध घातलेली खीर आणता, ती श्रद्धेने खुशाल घ्यावी, पण तिच्या भरवशावर पंप बंद करू नये.

आणखी एक, आणि ही मला सर्वांत जास्त खटकली. काचबिंदूसाठी बाबांना गेल्या वर्षी जे थेंब दिले, त्यांत टिमोलॉल आहे. डोळ्यांतून शरीरात उतरून ते श्वासनळ्या आवळू शकते, आणि दम्याच्या रुग्णाला सहसा ते देत नाहीत. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याचे सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. मनाने थेंब बंद करू नका, कारण डोळ्यातला दाब वाढेल. याच आठवड्यात जाऊन दुसरे मागून घ्यावेत.

शनिवारी दादा तुम्हा दोघांना छातीच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. कापडी पिशवीत सगळे पंप, रिकामे पाचसुद्धा, स्पेसर आणि डोळ्यांचे थेंब टाकावेत. झटका आला तर किती फवारे, किती वेळाने, हे दोघांसाठी वेगवेगळे लिहून मागावे आणि तो कागद फ्रिजवर लावावा. बाबांना एक वाक्य सलग बोलता येईना, किंवा चिनूच्या बरगड्यांमधली कातडी श्वासासोबत आत ओढली जाऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता लगेच १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत कागदाप्रमाणे फवारे चालू ठेवावेत.

चार आठवड्यांनी, रविवारी रात्री नऊला मी फोन करीन आणि तेच पाच प्रश्न पुन्हा विचारीन. तोवर बाबांनी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आईला विचारून ठेवावे.

तुमची,
सुमा